लातूरकराच्या दोन बादल्या

आमच्या फ्लॅटमधला लातूरकर रोज झोपण्याआधी दोन बादल्या भरून ठेवतो. नळाला धो-धो पाणी असलं तरी! आम्ही त्याची जाम खेचायचो. पण परवा मी शॉवरखाली अर्धा तास गाणी म्हणून बाहेर आलो, तेव्हा गडी पहिल्यांदाच बोलला.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, शहरातले नळ बंद. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने आलं. पहिल्या फेरीत दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. आपण ती गाडी टीव्हीवर बघितली. हा दहावीच्या सुट्टीत आईबरोबर घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होता. आणि त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा भरलं!

हवा एका अंशाने तापली, की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस दडी मारतो तेव्हा मारतोच आणि कोसळतो तेव्हा झोडपून काढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं, त्यात याच्या काकाचंही.

"पण सगळं हवामानावर ढकलू नकोस," तो म्हणाला. "एवढ्या कमी पाण्याच्या खोऱ्यात ऊस आम्हीच लावला ना?"

"मग काका आता काय लावणार?"

"ऊस. म्हणतो, सोयाबीन गेलं, ऊस निदान उभा तरी राहतो."