फवारणीचा थेंब आणि मालकाचें कर्तव्य

सन २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. त्यानंतर तोंडाला फडकें व हातांत मोजे हा उपदेश गांवोगांव झाला. उपदेश योग्यच, पण तो सारा फवारणाऱ्या मजुराला उद्देशून आहे. पंप कोणता, नोझल कसलें, दाब किती, वेळ कोणती, हें ठरवितो मालक. म्हणून यांतील पदार्थविज्ञान प्रथम मालकानेंच समजून घेतलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

मुख्य प्रश्न थेंबाच्या आकाराचा. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा थेंब घ्या. त्याचे एक पंचमांश व्यासाचे बारीक थेंब केले तर १२५ होतात व पान अधिक झांकलें जातें. बारीक धुकें सोडणारा पंप गिऱ्हाइकाला आवडतो तो यामुळेंच. परंतु सूक्ष्म थेंबाचा हवेंतून पडण्याचा वेग साधारणतः व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो, असा स्टोक्स यांचा नियम आहे. पहिला थेंब पांच फुटांवरून सुमारें सहा सेकंदांत खालीं येतो. दुसऱ्यास दोन मिनिटें लागतात. ताशीं साडेतीन किलोमीटर वेगाच्या अगदीं मंद वाऱ्यांतही पहिला सहा मीटर सरकतो, दुसरा शंभर मीटरांपलीकडे जातो. शिवाय कोरड्या हवेंत बारीक थेंबांतील पाणी वाटेंतच उडून विषाचा दाट अंश तेवढा तरंगत राहतो. त्या वर्षीं पुष्कळ ठिकाणीं कपाशी डोक्याइतकी वाढली होती. दोन ओळींमधून चालणारा मनुष्य त्या धुक्यांत बुडूनच चालत होता.

बॅटरीच्या पंपानें श्रम वांचतात, हें खरें. हातपंपाचा दाब हात थकला कीं उतरतो. मोटर तो सारखा ठेवते. मात्र त्याच नोझलमधून दाब वाढविला कीं थेंब अधिक बारीक होतो, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट पृष्ठताणाची. मेणचट पानावरून निव्वळ पाणी ओघळून जातें, म्हणून औषधांत पृष्ठताण कमी करणारीं द्रव्यें असतात. तीं पान व माणसाची कातडी यांत भेद करीत नाहींत. सुती सदरा केशाकर्षणानें तो द्रव शोषून अंगाशीं धरून ठेवतो आणि घामेजल्या कातडींतून विष लवकर आंत शिरतें. तोंडावरच्या भिजलेल्या फडक्याचीही तीच गत. (बोंडांत शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र थेंब कितीही बारीक केला तरी पोंचत नाहीं!)

तेव्हां मोठ्या छिद्राचें नोझल व बेताचा दाब वापरावा, आणि वारा अंगावर घेऊन कधींही चालूं देऊं नये. पहांटेची स्तब्ध हवाही निर्धास्त नव्हे. जमिनीलगत थंड व वर उबदार हवा असली कीं धुकें तेथेंच अडकून राहतें. मोठ्या थेंबानें औषध अधिक लागतें, हा आक्षेप कांहीं अंशीं खरा आहे. पण शेजाऱ्याच्या वावरांत उडून गेलेल्या औषधाचा खर्च आज कोणी मांडीत नाहीं.

येत्या खरिपापूर्वीं सभासदांनीं आपापल्या पंपाचें नोझल काढून पाहावें, झिजलें असल्यास बदलावें, आणि स्वच्छ धुतलेल्या पंपांत साधें पाणी भरून धुकें कोठवर जातें तें स्वतः वावरांत उभें राहून पाहावें.