चार पुस्तकं हरवली तर हरवू देत

शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आला, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा आणि दाखल नोंदवही माझ्या हातात ठेवली. परळची प्राथमिक शाळा, शिक्षकांच्या खोलीत भिंतीला टेकलेली तीन लोखंडी कपाटं. पुस्तकं मोजून घ्या, सही करा आणि चार्ज सोडताना तेवढीच परत मोजून द्या, असं सांगण्यात आलं. मी सही केली. पहिली दोन वर्षं मी ती पुस्तकं इतकी जपली, की मुलांच्या हाती ती जवळजवळ लागलीच नाहीत.

‘हल्ली मुलं वाचत नाहीत’ हे वाक्य या शहरात रोज कानावर पडतं आणि दोष मोबाईलला दिला जातो. प्राथमिक शाळेपुरतं बोलायचं तर मला ते कारण पटत नाही. खरं कारण त्या नोंदवहीत आहे. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नसतं. तिसरीचा किंवा चौथीचा वर्ग सांभाळून एखादी शिक्षिका हे काम अंगावर घेते, आणि पडताळणीत पुस्तक कमी भरलं की भरपाई तिच्याकडे मागितली जाते. तिसऱ्या वर्षी मी कपाटं उघडी ठेवली. वर्षअखेर अकरा पुस्तकं कमी भरली आणि त्यांचे पैसे मी पगारातून भरले. रक्कम मोठी नव्हती. पण पुढच्या जूनमध्ये चार्ज घ्यायला दुसरं कुणीही तयार होईना.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. ग्रंथालय ‘असावं’ म्हटलं की कपाट दाखवता येतं. मुलाने त्यातलं पुस्तक घरी न्यावं, हे त्यात कुठे येत नाही.

हरवण्याबद्दल मात्र सरकारनेच शहाणपणाचा नियम केलेला आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतल्या नियम २१५ मध्ये, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानलं आहे. अट एवढीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. चौकशी सक्तीची आहे ती दुर्मीळ आणि हजार रुपयांहून महाग पुस्तकांची. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही. पण हिशेब करून पाहा. दोनशे मुलांच्या शाळेत प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेलं, तर पस्तीस आठवड्यांत ७,००० वेळा देवघेव होते. हजारी पाचच्या दराने ३५ पुस्तकं. आणि मी भरपाई केली होती अकरांची!

कपाट उघडलं की मग शिकवायचं काय, असं नवे शिक्षक विचारतात. पहिल्या तासाला मी वाचायला देत नसे. पुस्तक फळीवरून काढायचं कसं, एवढंच. मुलं पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढतात आणि शिवण तिथेच उसवते. शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकलायची आणि मधलं पुस्तक पोटाशी धरून काढायचं. रिकाम्या जागी आपल्या नावाची पट्टी खोचायची. पट्ट्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या. परत आल्यावर पुस्तक त्याच जागी. पहिलीतलं मूलही हे दोन तासांत शिकतं.

दशांश वर्गीकरण या वयात नको, रंगीत पट्टी पुरते. पिवळी गोष्टींना, हिरवी प्राणी आणि झाडांना, निळी यंत्रं आणि आकाशाला. पण पट्ट्या मुलांनीच लावायच्या. एकदा दुसरीच्या वर्गात हत्तीच्या पुस्तकांवरून वाद पेटला: पिवळ्यात की हिरव्यात? बराच वेळ मी गप्प बसले. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, हत्ती बोलत असेल तर पिवळं, बोलत नसेल तर हिरवं.” त्या शाळेत पुढे हाच नियम राहिला.

चौथीला अनुक्रमणिका. कासव किती वर्षं जगतं, हे बाईंना न विचारता शोधून दाखवायचं. आणि सगळ्याच वर्गांना एक हक्क: तीन पानं वाचून पुस्तक आवडलं नाही, तर कारण न देता परत करायचं. सारांशाची वही मी ठेवू दिली नाही. जिथे सारांश मागतात, तिथे मुलं सर्वांत बारीक पुस्तक निवडतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुस्तक देण्याआधी मी विचारत असे, घरी ठेवणार कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे हा प्रश्न लहान नाही. फ्रिजवर, देव्हाऱ्याशेजारी, आईच्या साड्यांच्या बॅगेत, अशी उत्तरं येत. जागा आधी ठरली की पुस्तक परत येतं. जुलैत शेजारच्या हिंदमाता चौकात पाणी भरतं, तेव्हा मात्र जाड पिशवी आणल्याशिवाय पुस्तक घरी नाही. एवढा एकच नियम कडक होता. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तकं आणि ‘किशोर’चे जुने अंक सगळ्यांत आधी खिळखिळे झाले. मी ते चिकटवले, पुन्हा दिले, आणि अगदीच गेले तेव्हा निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करायच्या, यादीत घातले.

याच परळ-लालबागमध्ये ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि फिरती वाचनालयं चालवली. पुस्तक वाचकाच्या दारात नेण्याचं काम इथे शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. आज ते शिक्षकांच्या खोलीतून शेजारच्या वर्गात न्यायचं आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत ग्रंथालयात पुस्तकं किती, हे विचारू नका. देवघेवीची वही मागा आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. मग एक ठराव मांडा: दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकं हरवली, तर ती निर्लेखित होतील आणि शिक्षिकेकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही.