पटलं नाही तरी चालेल, नकार तेवढा थांबवा

मुलगा समलिंगी आहे किंवा मुलगी स्वतःला मुलगा मानते हे कळल्यावर बहुतेक मराठी घरांत पहिला प्रश्न येतो तो लोक काय म्हणतील हा. पहिला प्रश्न या लेकराच्या जिवाचा असायला हवा, एवढंच सांगायला हे पत्रक आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांना विचारलं की किशोरवयात घरच्यांनी तुम्हाला कसं वागवलं. २००९ साली आलेले निष्कर्ष प्रत्येक आईबापाने वाचावेत असे आहेत. ज्यांना घरातून तीव्र नकार मिळाला, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका नकार न मिळालेल्या किंवा थोडाच मिळालेल्यांच्या ८.४ पट होता, गंभीर नैराश्याचा ५.९ पट आणि अमली पदार्थांचा ३.४ पट. आणि नकार म्हणजे केवळ मारहाण किंवा घराबाहेर काढणं नव्हे. मित्रमैत्रिणींना भेटू न देणं, शाळेत कुणी चिडवलं तर "तूच नीट वाग" म्हणणं, हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही अशी तंबी देणं, हेही त्यातच मोडतं. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते, घाईघाईने स्थळं बघण्याची. लग्न झालं की सुधारेल या आशेपायी एकाऐवजी दोन आयुष्यं नासतात, आणि त्या दुसऱ्या घरच्या मुलीला तर काही विचारलेलंही नसतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अशा पाहणीतून दोन गोष्टी सोबत असल्याचं दिसतं, एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. मूल आधीच खचलेलं असेल म्हणून घरचे वैतागले असतील, असंही कुणी म्हणेल. पण याच संशोधनात धोका पायरीपायरीने उतरताना दिसतो: जिथे नकार मध्यम होता तिथे आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका ८ पटींवरून साधारण दुपटीवर येतो. पारलिंगी तरुणांच्या २०१८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातही असंच दिसलं. घर, शाळा, नोकरी, मित्र यांपैकी आणखी एका ठिकाणी त्यांना त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली गेली, तर आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी आढळले. एका हाकेला खर्च काय येतो? शिवाय यामागची वाटही समजण्यासारखी आहे. रोज बोलणं, चालणं, फोन लपवत जगणाऱ्याची झोप उडते, अभ्यास मागे पडतो, आणि दुखलंखुपलं तरी डॉक्टरकडे जायची भीती वाटते, कारण तिथे घरचं कुणीतरी सोबत असणार.

हे अमेरिकेचं, आपल्या घरांचं काय, असं विचाराल तर उत्तर उलट अधिक काळजीचं आहे. तिथला विशीतला मुलगा पुष्कळदा वेगळा राहतो. आपल्याकडे शिक्षणाची फी, राहतं घर, नातीगोती, आजारपणातला आधार, सगळं कुटुंबाच्या हातात असतं. ज्या मुलाला दुसरा आसराच नाही त्याच्यावर घरच्या नकाराचा घाव खोलच बसणार. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, ते मोलाचंच, पण जेवणाच्या ताटावरचा अबोला कुठलं न्यायालय मोडणार?

"मग उपचार करून बघू" म्हणणाऱ्यांनी पैसे आणि मूल दोन्ही वाचवावं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कल बदलून देण्याचे तथाकथित उपचार आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. देवऋषी आणि गंडेदोरे यांबद्दल तर बोलायलाच नको. आजार नाही तिथे औषध देऊन नवा आजार मात्र होतो.

राहतो सगळ्यात प्रामाणिक आक्षेप: "आमच्या मनाला, आमच्या श्रद्धेला हे पटतच नाही." मनाचं वळण एका रात्रीत बदलत नाही, आणि तशी सक्ती कुणी करूही नये. पण वर सांगितलेली पायरी पुन्हा पाहा. तीव्र नकारातून मध्यम नकारात येणं म्हणजे पूर्ण पटणं नव्हे, तरी धोका तेवढ्यानेच खूप उतरतो. म्हणून आजपासून एवढं करता येईल: स्थळं बघणं थांबवा, चिडवणाऱ्याची बाजू घेऊ नका, मित्रांना घरी येऊ द्या, आणि "मला अजून कळत नाही, पण तू माझाच आहेस" असं तोंडाने म्हणा.

आईवडिलांना हेही आज जमत नसेल, तर मावशी, मामा, आत्या, शाळेतल्या बाई, कुणीतरी पुढे या. अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या २०१९ सालच्या पाहणीत, आपल्याला स्वीकारणारं किमान एक मोठं माणूस आयुष्यात आहे असं सांगणाऱ्या मुलांनी गेल्या वर्षात आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी आढळली. मराठी घराच्या गोतावळ्यात असं एक माणूस सापडणं अवघड नाही. ते माणूस तुम्ही असाल तर आज संध्याकाळीच त्या मुलाला फोन करा.