रविवारचा शिक्षक

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या सातवीच्या मुलांना दर रविवारी गणित शिकवू लागलो. एका मुलीने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिली. दोनदा रीत समजावली, तरी उत्तर तेच. शेवटी विचारलं, "ताटात अर्धी भाकरी आहे. वर आणखी तुकडा वाढला. मग भाकरी अर्धीपेक्षा कमी कशी झाली?" ती वहीकडे बघत राहिली, हसली आणि तिने स्वतःच उत्तर खोडलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं समाधान क्वचितच मिळालं होतं.

पुढे कंपनीत कामाची घाई आली आणि माझे तीन रविवार चुकले. परत गेलो तेव्हा ती मुलगी यायची बंद झाली होती. तेव्हा एक गोष्ट टोचली. शिकवण्यातून माझ्या जगण्याला अर्थ मिळत होता, पण माझ्या सवडीने. तिला शिक्षक सोमवारीही हवा होता.

६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, असं सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं. त्यावर आपण शिष्यवृत्त्या देतो, मार्गदर्शन शिबिरं घेतो. ते हवंच. पण घरातल्या हुशार मुलाला 'शिक्षक हो' असं किती पालक सांगतात? बी.एड. म्हणजे दुसरं काही जमलं नाही तर, हाच आपला समज.

वाट सोपी नाही. बी.एड.ची दोन वर्षं, मग शिक्षक पात्रता परीक्षा, भरतीची प्रतीक्षा. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काम. २०२३ च्या वाढीनंतरही माध्यमिक शाळेत मानधन महिना १८,००० रुपये. घराचा हप्ता भरणाऱ्याने हा हिशोब मांडलाच पाहिजे. सगळ्यांनी नोकऱ्या सोडाव्यात, असं माझं म्हणणं नाही. पण रविवारी ज्यांना शिकवण्यात स्वतःचं काम सापडतं, त्यांनी उरलेल्या सहा दिवसांचा विचार करावा.

इंजिनिअरिंगच्या पदवीवरही बी.एड. करता येतं. पत्नीसोबत बसून मी खर्चाचा हिशोब मांडला आणि यंदा प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. त्याआधी त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. पुढच्या रविवारी येते म्हणाली.