केस नको, मित्र हवा

‘मेरी अँड मॅक्स’ हा ॲडम इलियट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा 2009 सालचा मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा. बाहुल्या आहेत म्हणून लेकरांपुढे लावून देऊ नका. त्यात दारू आहे, आत्महत्येचा प्रसंग आहे. मोठ्यांनी मात्र जरूर पाहावा.

1976 साल. मेलबर्नची आठ वर्षांची मेरी. आई दारूत बुडालेली, मैत्रीण एकही नाही. टेलिफोन डिरेक्टरीतलं एक नाव निवडून ती पत्र टाकते. ते पोचतं न्यूयॉर्कच्या 44 वर्षांच्या मॅक्सकडे. तोही एकटा, माणसांना बिचकणारा. पुढे त्याला ॲस्पर्जर असल्याचं निदान होतं. आज ते स्वमग्नतेत धरतात. पत्रं वर्षानुवर्षं चालतात. इलियटला स्वतःला न्यूयॉर्कमध्ये असा पत्रमित्र होता, त्यातूनच ही गोष्ट आली.

मेरी मानसशास्त्र शिकते आणि मॅक्सला बरं करायचं म्हणून त्याच्यावर पुस्तक लिहिते. मॅक्स संतापतो. टाइपरायटरचं ‘एम’ अक्षर उपटून तिला पाठवून देतो. त्याला मैत्रीण हवी होती. तिनं त्याची केस केली.

आपल्या वस्तीतही हेच चालतं. एका खोलीत सहा माणसं, मग एकटं कोण, असं आपण म्हणतो. पण बीपी तपासायला गेलं की आजी हात सोडत नाही. सून धुण्याभांड्याला, नातू मोबाइलमध्ये. ती बोलू लागली की उत्तर ठरलेलं: टेन्शन घेऊ नको. गप्प बसणाऱ्या पोराला तर सरळ ‘येडा’ म्हणतात, नाहीतर अंगारा लावतात. ऐकून कुणीच घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सहातला एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला आहे, आणि त्यापायी वर्षाला 8 लाख 71 हजार मृत्यू होतात. म्हणजे हा आरोग्याचाच प्रश्न आहे. तथागतांनी तर कधीच सांगून ठेवलंय. कल्याणमित्रता म्हणजे अर्धं धम्मजीवन, असं आनंद म्हणाला. अर्धं नव्हे, संपूर्ण, असं भगवंतांनी उत्तर दिलं.

औषध लागेल तिथं औषध हवंच. ससूनला मानसोपचार विभाग आहे. जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. पण नंबर लावून देणारं माणूस जवळ हवं.

सिनेमात मेरी जीव द्यायला निघते, तेव्हा मॅक्सनं माफ केल्याचं पार्सल दारात येऊन पडलेलं असतं. तिला ते ठाऊकच नसतं. घराबाहेर पडायला घाबरणारा शेजारी भीती गिळून दार ठोठावतो, म्हणून ती वाचते.

रविवारी विहारात वंदना झाली की बघा, कोण बरेच दिवस आलं नाही. महिला मंडळातल्या दोघींनी त्या घरी जावं. उपदेश करू नये. चहा घ्यावा, ऐकावं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जावं.

जय भीम!