गाडी दारात, घर हप्त्यात

चार वर्षांपूर्वीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. बुद्धवंदना आटोपून आम्ही मंडपात पाहुण्यांची वाट पाहत होतो. इतक्यात फाटकातून एक नवी कोरी पांढरी मोटार आत आली. पुढे झेंडूचा हार, काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’, आणि गाडी चालवीत होता आमच्याच वसतिगृहात सहा वर्षे राहिलेला मुलगा. पाचवीत तो आला तेव्हा त्याच्यापाशी पत्र्याची एक पेटी आणि वडिलांचा उसवलेला स्वेटर एवढेच होते. आमचे डोळे भरून आले. व्यासपीठावर त्याला शाल दिली गेली. ‘आपला विद्यार्थी आज स्वतःच्या गाडीने आला आहे’ असे सूत्रसंचालकांनी सांगताच टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत आमचेही हात होते, हे आधीच सांगितलेले बरे.

गतवर्षी ती गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. कारखान्यातील कंत्राट संपले, तीन हप्ते चुकले, आणि एका सकाळी पेट्रोल पंपावर दोन तरुणांनी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. गाडीत त्याची मुलगी शाळेच्या गणवेशात बसलेली होती. ही हकिकत त्याच्या संमतीने आम्ही येथे लिहीत आहोत. त्याचे नाव मात्र लिहिणार नाही. कारण ते नाव एकाचे नाही, हे वाचकांनाही ठाऊक असावे.

अशा वेळी समाजात एक वाक्य ठरलेले असते : ऐपत नव्हती तर घ्यायची कशाला? प्रश्न चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. ऐपत नव्हती, तर दिली कोणी आणि कशी?

हिशेबच मांडू. गाडीची शोरूममधील किंमत सात लाख. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के पथकर, म्हणजे ७७ हजार. त्यावर विमा आणि किरकोळ खर्च. रस्त्यावर येईपर्यंत गाडी सव्वाआठ लाखांच्या घरात गेली. त्यातील आठ लाख कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता १३,०७५ रुपये. हातात येणारा पगार होता २४ हजार. घरभाडे, मुलीची शाळा, गावी आईचे औषध आणि पेट्रोल हे सारे उरलेल्या अकरा हजारांत बसवायचे होते. वसतिगृहात रोजच्या तांदळाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनीसुद्धा हा कागद पाहून मान हलवली असती. पण ज्यांनी तो मंजूर केला, त्यांनी ती हलवली नाही. उलट, उत्पन्न कमी दिसते म्हणून पत्नीच्या शिवणकामाचे उत्पन्न फुगवून जोडण्यात आले आणि दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे एकाच आठवड्यात तयार झाली. तयार करून देणारा शोरूममधीलच माणूस होता. सही अर्थातच आमच्या विद्यार्थ्याची होती.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. गाडी विकणाऱ्याला विक्रीवर मोबदला मिळतो. कर्जाची प्रकरणे आणून देणाऱ्याला प्रकरण मंजूर झाले की मोबदला मिळतो. हे कर्ज सात वर्षांनी फिटले की बुडाले, याच्याशी त्या दोघांचे काही देणेघेणे उरत नाही. देणारी कंपनीही निर्धास्त असते, कारण गाडीच्या आरसी बुकावर तिचा बोजा चढलेला असतो. हप्ता आला तर व्याज मिळते, न आला तर गाडी मिळते. घेणाऱ्याचे घर या हिशेबात कोठेच नसते.

आणि मोटार म्हणजे जमीन नव्हे. तारण म्हणून ठेवलेली ही वस्तू कर्जापेक्षा वेगाने झिजते. विमा कंपन्यांच्या प्रचलित घसारा-कोष्टकानुसार चौथ्या वर्षी गाडीची विमामूल्यातील किंमत मूळ किमतीच्या ४० टक्क्यांनी कमी धरली जाते. म्हणजे सात लाखांची गाडी चार लाख वीस हजारांची झाली. आमच्या विद्यार्थ्याने छत्तीस हप्ते वेळेवर भरले होते. त्याने मोजलेली रक्कम होती चार लाख सत्तर हजारांहून अधिक. त्यातले एक लाख नव्वद हजार व्याजात गेले, आणि देणे शिल्लक होते पाच लाख वीस हजार! गाडी विकून मोकळे व्हावे म्हटले तरी एक लाख रुपये पदरचे घालावे लागणार होते. पथकर आणि विम्यासाठी घेतलेले कर्ज तर पहिल्याच दिवशी हवेत विरले होते. व्याज मात्र त्यावरही सात वर्षे चालणार होते. लिलावात गाडी याहूनही कमी किमतीला गेली, आणि उरलेल्या रकमेची नोटीस घरी आली. गाडी गेली की कर्ज गेले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो समज खरा नाही.

जुन्या गाडीच्या कर्जात आणखी एक गफलत असते. ‘फक्त आठ टक्के’ असे सांगितले जाते, पण ते आठ टक्के शेवटपर्यंत मूळ रकमेवर आकारले जातात. दरमहा मुद्दल फिटत असते, ते जमेस धरले जात नाही. आठ लाखांवर सात वर्षांसाठी अशा आकारणीचा खरा दर पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास पडतो. आठवीच्या गणितात आम्ही चक्रवाढ व्याज शिकवतो, प्रश्नपत्रिकेत विचारतो, गुणही देतो. हे गणित मात्र आम्ही कधी फळ्यावर मांडले नाही. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या महापुरुषाची प्रतिमा आमच्या प्रत्येक वर्गात आहे, हे लिहिताना संकोच वाटतो.

काही जण गाडी प्रतिष्ठेसाठी घेत नाहीत, पोटासाठी घेतात, हेही विसरता कामा नये. ॲपवरील टॅक्सीचा धंदा जोरात होता तेव्हा महिन्याला लाख रुपये सुटतील असे सांगून कितीतरी तरुणांना गाड्या घ्यायला लावले गेले. पुढे प्रोत्साहनपर रकमा घटल्या, हप्ते मात्र तेवढेच राहिले. २०१८ साली मुंबईत चालकांनी जे संप केले, त्यांच्या मुळाशी हेच दुखणे होते. त्यांना उधळे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. वसुलीसाठी गुंडगिरीचा मार्ग वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले आहे. वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितले. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांसाठी बँक असो वा वित्त कंपनी, एकूण खर्चासह खरा वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. आमच्या विद्यार्थ्याच्या वेळी हा नियम नव्हता. आज जे शोरूममध्ये जातील त्यांनी हा कागद मराठीत मागावा, घरी आणावा, एक रात्र उशाशी ठेवावा आणि मगच सही करावी. जामीनदारानेही तो वाचावा. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. आमच्यापैकी एका शिक्षकाने ‘पोराचे चांगले होते आहे’ म्हणून या कर्जाला सही दिली होती. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत.

परंतु देणाऱ्याचा हा सगळा दोष पदरात घातल्यावरही आमचा वाटा कमी होत नाही. ज्यांच्या आजोबांना गावातून घोड्यावर बसून जाण्याची मुभा नव्हती, त्यांच्या नातवाने मोटारीतून गावात जावे, या इच्छेत हीन असे काही नाही. ती इच्छा आम्हालाही आहे. मात्र शोरूममधील चतुर माणूस नेमकी तीच हेरतो, आणि आम्ही व्यासपीठावरून तिला शाल देतो. त्याच मेळाव्याला आमची एक माजी विद्यार्थिनी आली होती. परिचारिकेच्या पगारातून तिने वडिलांचे सावकारी कर्ज फेडले आणि धाकट्या भावाचे शिक्षण पूर्ण केले. ती एस.टी.ने आली, मागच्या रांगेत बसली, जेवून गेली. तिचे नाव कोणी पुकारले नाही. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ‘अनणसुख’, म्हणजे कोणाचेही देणे नसण्याचे सुख, हे एक आहे. हे प्रवचन आम्ही दर वर्षावासात ऐकतो. त्या दिवशी ते सुख मागच्या रांगेत बसले होते आणि आम्हाला ते ओळखता आले नाही.

यंदापासून नववी-दहावीच्या मुलांसाठी शनिवारी एक तास कर्जाच्या कागदांचे वाचन घेण्याचे आम्ही ठरवले आहे. ज्याची गाडी गेली, त्यालाच पहिला तास घेण्याची विनंती केली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, आरसी बुक अजून माझ्याकडे आहे. ते घेऊन येतो, मुलांना दाखवायला.’

या मेळाव्यात मंडपासमोर पाहुण्यांच्या वाहनांसाठी राखीव जागा ठेवलेली नाही. सर्व वाहने वसतिगृहामागील मैदानात लावावीत आणि तेथून चालत यावे, ही विनंती.