दाखला कोणी द्यायचा?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना वारसास्थळांचा दर्जा दिला. त्यांत मावळातील लोहगड आहे. गडाने स्वतःची जाहिरात केली नव्हती. नामांकन सरकारने धाडले, परीक्षण तज्ज्ञांनी केले, दाखला समितीने दिला. त्याच गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीतून मळवली स्थानकाकडे उतरून तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत राबणाऱ्या तरुणाला मात्र उपदेश होतो तो असा : तुझा दाखला तूच निर्माण कर! लिंक्डइनवर छायाचित्र लाव, दर आठवड्याला एखादा प्रेरक अनुभव लिही, स्वतःचा 'ब्रँड' घडव. आणि मुख्य म्हणजे अस्सल राहा.

हा मंत्र १९९७ साली टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन-सल्लागाराने 'फास्ट कंपनी' मासिकातून दिला. नोकरकपातीने गाजलेले ते दशक होते. नोकरीची शाश्वती काढून घ्यायची आणि वर कामगाराला तू आता स्वतःच एक कंपनी आहेस असे सांगायचे, ही चलाखी भांडवलशाहीलाच साधते. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने सुमारे २,६२० कोटी डॉलर मोजून लिंक्डइन विकत घेतले, ते अशा कोट्यवधी आत्मवर्णनांच्याच जोरावर. वर्णन लिहिणाऱ्यांच्या पदरी त्यातले काय पडले?

आणि अस्सलपणा तरी कसला? जादा तासांचे पैसे बुडाले, यंत्रावर बोट गेले, संपात दोन महिने काढले, हे कामगाराच्या आयुष्यातले अस्सल अनुभव. ते तिथे लिहिण्याची छाती कोणाची होईल? पुढचा मालक तेच पान वाचणार असतो. मालकाला रुचेल तेवढ्याच सत्याला तिथे अस्सल म्हणतात.

गावाबाहेर ओळखदेख नसलेल्या एखाद्या संगणक अभियंत्याला या साधनाने वशिल्याविना दार उघडते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण केलेल्या कामाचा पुरावा देणे हे मूळ कर्तव्य कोणाचे? कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांनी ते ठेकेदारावर टाकले होते : काम कोणत्याही कारणाने संपो, सेवेचा दाखला त्याने द्यायचाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तोच दाखला 'मागणी केल्यास' द्यायचा झाला आहे. शिवाय केंद्रीय कायद्यातील वीस कंत्राटी कामगारांची मर्यादा पन्नासावर नेली. दोन शब्द घुसडले, एक आकडा वाढवला, आणि ठेकेदाराच्या डोक्यावरचे ओझे कामगाराच्या डोक्यावर आले. ज्याचा ठेका उद्या संपणार आहे, तो एकटा उठून ठेकेदाराकडे कागद मागेल, अशी अपेक्षा दिल्लीत बसूनच करता येते.

एकट्याने न मागता येणारी गोष्ट पाचशेजणांनी मिळून मागता येते. तळेगाव-चाकणच्या प्रवेशद्वारांवर पाळी सुटताना कार्यकर्त्यांनी उभे राहावे, प्रत्येक कंत्राटी कामगाराकडून दाखल्याचा लेखी अर्ज भरून घ्यावा, त्याची पोच ठेकेदाराकडून घ्यावी आणि दाखला नाकारला गेल्यास सगळे अर्ज एकगठ्ठा कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवावेत.